रिपोर्टमध्ये कॅल्शियम नॉर्मल, तरी हाडं उपाशी

फिनायटॉइन, फिनोबार्बिटोन आणि कार्बामाझेपिन ही अपस्मारावरची, म्हणजे फिटवरची, जुनी, भरवशाची औषधं. औषधांचा निचरा करणाऱ्या यकृतातल्या विकरांना (एन्झाइम्सना) ती जास्तच जोमाने कामाला लावतात. त्या तडाख्यात ड जीवनसत्त्वही लवकर संपतं. मग आतड्यातून कॅल्शियम आणि फॉस्फरस नीट शोषले जात नाहीत. रक्तातलं कॅल्शियम उतरू लागताच मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून ते काढून भरपाई करतात. म्हणून रिपोर्टवर ९.२ मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर असा निर्धास्त आकडा दिसतो आणि हाड मात्र आतून झिजत असतं.

म्हणूनच ही औषधं दीर्घकाळ घेणाऱ्या मुलाचं नुसतं कॅल्शियम तपासून थांबू नये. सोबत फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज (हाडांची झीज-घडण दाखवणारं विकर) आणि २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी (ड जीवनसत्त्वाचा साठा दाखवणारी तपासणी) पाहावं. वाढत्या वयात अल्कलाइन फॉस्फटेज मोठ्यांपेक्षा जास्तच असतं, त्यामुळे तुलना त्याच वयाच्या मर्यादेशी हवी. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन कमी असेल तर एकूण कॅल्शियमही खोटं कमी दिसतं. तेव्हा आयनाइज्ड, म्हणजे प्रथिनाला न चिकटलेलं मोकळं, कॅल्शियम मोजावं. चालू न शकणाऱ्या, उन्हात न जाणाऱ्या आणि एकाहून अधिक औषधं घेणाऱ्या मुलांना धोका सर्वांत जास्त.

खरी फसगत पुढे होते. कॅल्शियम फार घसरलं की त्यानेच फिट येते. औषध पुरत नाही असं समजून डोस वाढवला, तर ड आणखी खालावतं. अशा वेळी मॅग्नेशियमही तपासायलाच हवं; ते कमी असेल तर कॅल्शियम कितीही द्या, वर येत नाही.

ऑक्सकार्बाझेपिन हे फिटचं आणखी एक औषध; त्याने आणि कार्बामाझेपिनने रक्तातलं सोडियम उतरू शकतं. सुरुवातीच्या काही महिन्यांत डोकेदुखी, उलट्या, सुस्ती दिसली तर ते लगेच मोजावं. टोपिरामेट, झोनिसामाइड ही फिटची औषधं चालू असताना बायकार्बोनेटकडे (रक्तातली आम्लता आटोक्यात ठेवणाऱ्या क्षाराकडे) लक्ष हवं. मूतखड्याचा धोका असल्याने पाणीही भरपूर.

व्हॅल्प्रोएट या फिटच्या औषधाचा शरीरातल्या जस्त-तांब्यावर काय परिणाम होतो, याबद्दलच्या अभ्यासांत एकवाक्यता नाही, त्यामुळे सरसकट झिंकचं (जस्ताचं) सिरप सुरू करणं आम्हाला पटत नाही. शिवाय रक्त घेण्याच्या साध्या नळीच्या रबरी बुचातून जस्त नमुन्यात उतरतं, तांबड्या पेशी फुटल्या तरी आकडा फुगतो, आणि ताप असताना तो खोटा खाली जातो. जास्त मात्रेत झिंक बरेच महिने चाललं तर शरीरातलं तांबं घटून रक्तक्षय होतो.

कॅल्शियम द्यायचं ठरलं तर फिनायटॉइनपासून किमान २ तासांचं अंतर ठेवावं, नाहीतर औषध कमी शोषलं जातं. रिपोर्ट कसाही येवो, फिटचं औषध स्वतःहून बंद करू नये. अचानक थांबवल्यास न थांबणारी फिट येऊ शकते.