पार्श्वभूमी : 'पुनर्वसन' म्हटले की खोली आठवते

कर्करोगाच्या रुग्णाचे रोजचे जगणे आकड्यात धरण्याचा पहिला ठळक प्रयत्न न्यूयॉर्कमध्ये १९४० च्या दशकाच्या अखेरीस झाला. शंभर म्हणजे ठणठणीत, शून्य म्हणजे मृत्यू. सत्तर म्हणजे स्वतःचे सगळे करतो, पण कामावर जाता येत नाही. आकडा डॉक्टर ठरवायचे. रुग्णालाच विचारणारी ३० प्रश्नांची युरोपीय प्रश्नावली प्रसिद्ध व्हायला १९९३ उजाडले.

मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात तिच्या हिंदी-मराठी आवृत्त्या पारखल्या गेल्या त्या २००० नंतर, तोंड-घशाच्या रुग्णांसाठीच्या ३५ प्रश्नांच्या पुरवणीसकट. तंबाखू-मिशरीच्या प्रदेशात तीच निकडीची होती. मूळ प्रश्नावलीतला पहिलाच प्रश्न : जड पिशवी किंवा सुटकेस उचलताना त्रास होतो का? आजारपणात घरचे पिशवीला हात लावू देत नसतील, तर 'अजिबात नाही' या उत्तराचा अर्थ काय लावायचा? शिवाय कागद रुग्णाने स्वतः भरायचा असतो. वाचता न येणाऱ्याला प्रश्न वाचून दाखवले जातात, तेही मुलगा-सून शेजारी बसलेले असताना. मग 'कुटुंबासमोर जेवताना त्रास झाला का' याचे उत्तर कसे येणार, हे सांगायला नको.

खरा गुंता मात्र शब्दांचा. 'क्वालिटी ऑफ लाइफ'ला 'जीवनमान' म्हटले की महागाई आणि पगार आठवतो, म्हणून 'जीवनाची गुणवत्ता' हा बोजड शब्द पत्करावा लागला. 'पुनर्वसन'चे तर विचारूच नका. डॉक्टरांच्या भाषेत त्याचा अर्थ उपचारांनंतर गिळणे, बोलणे, रोजचे व्यवहार पुन्हा जमवणे. गिरण्या पाडून टॉवर उभ्या राहिलेल्या या भागात पुनर्वसन म्हणजे झोपडी तुटणे, संक्रमण शिबिर आणि कधीतरी मिळणारी खोली. 'तुमच्या पुनर्वसनाच्या गरजा काय' असे विचारल्यावर गावाहून आलेला, धर्मशाळेत जागा न मिळाल्याने फूटपाथवर पथारी पसरलेला माणूस राहण्याची सोय मागेल. त्यात त्याचे काय चुकले? माझ्या मते तीही गरज म्हणूनच नोंदवायला हवी.

प्रश्नावलीतले गुण आणि रुग्णाची गरज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याकडे उशिरा उमगले. घोट गिळायला शिकवणारा, स्वरयंत्र काढल्यावर बोलायला शिकवणारा, जबड्याचा व्यायाम घेणारा, यांपैकी कोण हवा हे गुणांच्या बेरजेतून कळत नाही. आखडलेला जबडा सैल करायला लाकडी पट्ट्यांची चळत दातांत धरतात आणि जमेल तशी एकेक पट्टी वाढवतात. महिनोन् महिन्यांच्या त्या खटपटीला पुरवणीत एकच प्रश्न आहे : गेल्या आठवड्यात तोंड मोठे उघडताना त्रास झाला का?