पाय काढला की बंद पडतो, चावी काढली तरी थांबत नाही: जुन्या कार्ब्युरेटरवाल्या ट्रकच्या मालकांसाठी

जुना पेट्रोल ट्रक घेऊन येणाऱ्यांच्या तक्रारी बहुतेक वेळा दोनच असतात. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन बंद पडतं, नाहीतर चावी बंद केल्यावरही ते गचके देत, धडधडत राहतं. ऐकायला दोन्ही उलट्या वाटतात. पण पुष्कळदा पहिल्या तक्रारीवर केलेल्या चुकीच्या इलाजातूनच दुसरी उभी राहते.

पाय काढल्यावर कार्ब्युरेटरमधली (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) थ्रॉटलची पाकळी, म्हणजे हवेची वाट उघडणारी-मिटवणारी झडप, जवळजवळ मिटते. तेव्हा इंजिनाला पेट्रोल मिळतं ते पाकळीखालच्या एका बारीक भोकातून. त्याच्या वाटेत कचरा बसला किंवा कुठून तरी फुकटची हवा आत शिरली, की इंजिन गुदमरतं. मग कोणीतरी आयडलिंगचा स्क्रू (पाय काढल्यावर इंजिन किती वेगाने फिरेल ते ठरवणारा) दोन आटे आवळून देतो. पाकळी किंचित उघडी राहते, गाडी बंद पडत नाही, मालक खूश. मात्र आता पाकळीच्या कडेची फटही उघडी पडलेली असते आणि तिथूनही पेट्रोल येऊ लागतं. चावी बंद केली की ठिणगी थांबते, पण फिरतं इंजिन हवा-पेट्रोल ओढतच राहतं आणि आतला तापलेला कार्बन ते पेटवतो. यालाच डिझेलिंग म्हणतात. म्हणून आमचं आग्रहाचं सांगणं: स्क्रूला हात सगळ्यात शेवटी लावा.

आधी हवा कुठून शिरते ते शोधा. हँडब्रेक ओढा, चाकांना लाकडी ठोकळे लावा, इंजिन चालू ठेवा आणि व्हॅक्यूमच्या (इंजिनाच्या ओढीवर चालणाऱ्या) रबरी नळ्या पकडीने एकेक करून हलकेच दाबा. जी दाबल्यावर इंजिनाचा आवाज सुधारतो, तिच्या टोकाला किंवा ती जिथे जाते तिथे गळती आहे. ब्रेक बूस्टरची (ब्रेकला जोर देणाऱ्या डब्याची) जाड नळी विसरू नका. क्लिपच्या आतल्या बाजूला तिला चीर जाते, वरून नळी धडधाकट दिसते; क्लिप सरकवून वाकवली की चीर तोंड उघडते. कार्ब्युरेटरखालचं पॅकिंगही तपासा. तिथे पेट्रोल किंवा क्लीनरचा फवारा मारून बघणारे आहेत. खाली तापलेला एक्झॉस्ट असतो, कृपया हे करू नका.

पुढची पायरी अर्ध्या मिनिटाची आहे. बऱ्याच कार्ब्युरेटरना पेट्रोल तोडणारा सोलेनॉइड असतो: एक तार जोडलेली, करंटवर उघडणारी-मिटणारी, अंगठ्याएवढी डबी. इंजिन बंद ठेवून चावी ऑन-ऑफ करा आणि त्यावर बोट ठेवा. टक् असा आवाज व्हायला हवा, बोटाला ठोका लागायला हवा. ठोका नसेल तर तारेत करंट येतो का ते टेस्ट लॅम्पने बघा. सोलेनॉइड बंद अवस्थेत अडकला तर गाडी आयडलिंगला उभी राहत नाही. उघडा राहिला तर चावी काढूनही थांबत नाही. काही ट्रकवर दिसायला असाच, पण पाकळीला टेकू देणारा सोलेनॉइड असतो. त्याचा दांडा चावी बंद होताच मागे सरायला हवा.

गचके न देता, अगदी गुळगुळीत चालत राहणारं इंजिन हे वेगळं प्रकरण. तिथे ठिणगीच चालू आहे. चावीचा स्विच अडकलाय किंवा अल्टरनेटरच्या वायरिंगमधून करंट उलटा येतोय. कार्ब्युरेटर खोलू नका. सेल्फ मारताना सुरू होऊन चावी सोडताच बंद पडत असेल, तर कॉइलचा (ठिणगीसाठी करंट वाढवून देणारा भाग) बॅलास्ट रेझिस्टर, म्हणजे कॉइलकडे जाणारा करंट आवरणारा तुकडा, किंवा त्याची वायर बघा.

डिझेलिंगला जास्त तापणारं इंजिन, बिघडलेलं टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ), चुकीचे प्लग आणि कमी ऑक्टेनचं पेट्रोल हेही हातभार लावतात.

हे सगळं ठीक निघालं तरच स्क्रू. इंजिन पूर्ण तापलेलं, चोक पूर्ण उघडा. मिक्स्चर स्क्रू (आयडलिंगला हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) आटे मोजत हलक्या हाताने शेवटपर्यंत आत घ्या. जोर केला तर त्याच्या टोकाला खाच पडते आणि मग तो कधीच नीट बसत नाही. तिथून साधारण दीड आटा बाहेर काढून इंजिन सुरू करा, सगळ्यात सुरळीत चालेल ती जागा शोधा. मगच आयडलिंग ट्रकच्या पुस्तकात दिलेल्या आकड्यावर आणा.

रस्त्यात इंजिन थांबेना तर ब्रेक घट्ट दाबून वरचा गिअर टाका आणि क्लच हळू सोडा. ऑटोमॅटिक असेल तर ब्रेक दाबून ड्राइव्हमध्येच चावी बंद करा, इंजिन थांबलं की पार्क.

आमच्याकडे आणताना एवढं लिहून आणा: त्रास थंड इंजिनाला होतो की तापलेल्याला, आवाज गचक्यांचा की गुळगुळीत, आणि शेवटचा स्क्रू कोणी, किती आटे फिरवला.