ऑफिसचा मेल नेमका कुणाच्या नावावर आहे?

(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आम्ही ऑफिसांचे कॉम्प्युटर आणि मेल सांभाळतो, आणि आमच्याकडे दोन फोन ठरलेले असतात. पहिला मालकांचा: "अमका सोडून गेला, त्याचा मेल जरा उघडून द्या." दुसरा त्याच ऑफिसातल्या कुणाचा तरी, आवाज खाली करून: "तुम्हाला आमचं सगळं दिसतं का हो?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण फोनवर दोन मिनिटांत उत्तर देण्यासारखे नाहीत. म्हणून हे लिहून काढलं. कॉम्प्युटर आणि मेल तुम्ही रोज वापरता, त्यामुळे अगदी पहिल्यापासून सांगत बसत नाही.

आमचा सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक

खातं उघडताना समोर जो असेल त्याचा मोबाइल नंबर टाकला जातो. त्या दिवशी घाई असते, ओटीपी लगेच हवा असतो, साहेब बाहेर असतात. हिशेब बघणारा म्हणतो, "माझा टाका, नंतर बदलू." ते नंतर कधी येत नाही. तीन वर्षं सगळं सुरळीत चालतं, मग तो नोकरी सोडतो, नव्या कॉम्प्युटरवर मेल लावायची वेळ येते आणि ओटीपी जातो त्याच्या फोनवर.

अशाच एका ठिकाणी आम्ही सकाळी पोचलो. जुन्या माणसाला फोन लावला तर तो गाडी चालवत होता. त्याने गाडी बाजूला घेऊन आकडे सांगेपर्यंत ओटीपीची मुदत संपली. दुसऱ्यांदा त्याने आकडे उलटसुलट सांगितले. चौथ्या प्रयत्नानंतर खात्यानेच सांगितलं की फार वेळा प्रयत्न झाले, नंतर या. काम संध्याकाळी झालं, आणि तेही तो माणूस भांडून गेला नव्हता म्हणून. भांडून गेलेल्यांच्या बाबतीत आम्ही मेल कंपनीकडे कागदपत्रं पाठवतो आणि उत्तराची वाट बघत बसतो. त्या दिवसांत तुमची चौकशीची पत्रं कुठे जात असतील त्याचा विचार करा.

डोमेनच्या, म्हणजे तुमच्या वेबसाइटच्या आणि मेल पत्त्यातल्या नावाच्या, बाबतीत हीच चूक आणखी महागात पडते. रजिस्ट्रारच्या, म्हणजे हे नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीच्या, नोंदीत ज्याचं नाव आणि ईमेल, डोमेन त्याचं. पैसे तुम्ही भरले असतील, पण वेबसाइट बनवणाऱ्या मुलाने नोंद स्वतःच्या नावाने केली असेल तर तो दार उघडेल तेव्हाच तुम्ही आत जाल. नूतनीकरणाच्या सूचनाही त्याच्याच मेलवर जातात. डॉट कॉम नावाची मुदत संपून रजिस्ट्रारने ते काढून टाकलं की 30 दिवस ते जास्त पैसे भरून परत घेता येतं, त्यानंतर 5 दिवस कुणालाच हात लावता येत नाही, आणि मग ते जगात कुणालाही विकत घेता येतं. घेणारा माणूस त्या नावावर मेल चालू करू शकतो. म्हणजे तुमच्या जुन्या पत्त्यांवर येणारी पत्रं त्याच्याकडे, आणि त्या पत्त्यांवरून उघडलेल्या इतर खात्यांचे 'पासवर्ड विसरलात?'चे दुवेही त्याच्याकडे.

काही जण उलटा शहाणपणा करतात आणि डोमेनच्या नोंदीत त्याच डोमेनवरचा ईमेल देतात. डोमेन बंद पडलं की तो ईमेलही बंद. किल्ली घरात ठेवून दार ओढून घेतल्यासारखंच ते.

लॅपटॉपचंही तेच. नवा विंडोज लॅपटॉप कर्मचाऱ्याच्या हातात दिला जातो आणि तो स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू करतो. बऱ्याच मॉडेलांत डिस्क तिथेच आपोआप कुलूपबंद होते आणि 48 आकडी रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडायची किल्ली, त्याच्या खाजगी खात्यात जाऊन बसते. पुढे मदरबोर्ड बदलला की पडद्यावर निळी पाटी येते: 48 आकडे टाका. ते नसतील तर आमच्याकडेही उपाय नाही, कुणाकडेच नाही. 'तुम्ही एक्स्पर्ट आहात, काहीतरी करा' म्हणून कुलूप उघडत असतं तर त्या कुलुपाला अर्थच उरला नसता. आयफोन खाजगी ॲपल खात्याला बांधलेला राहिला तर तोही असाच अडून बसतो.

आम्हाला काय दिसतं?

हे ऑफिसातल्या सगळ्यांनी वाचावं. कुणाचाही पासवर्ड आम्हाला दिसत नाही. ॲडमिनला, म्हणजे ऑफिसची सगळी खाती सांभाळणाऱ्याला, नवा पासवर्ड लावता येतो, जुना वाचता येत नाही. "त्याचा जुना पासवर्ड काय होता?" याचं उत्तर त्यामुळेच आम्ही देत नाही. देणं शक्यच नसतं. पत्रं मात्र ॲडमिनला हवी तर बघता येतात. मेल वाटेत कुलूपबंद असला तरी मेलबॉक्समध्ये तो वाचण्याजोगाच पडलेला असतो. कोण कधी, कुठून आत आलं याची नोंदही राहते, आणि आमच्या येण्याजाण्याची नोंदही त्याच वहीत होते.

इन्कॉग्निटोवर, म्हणजे ब्राउझरच्या खाजगी खिडकीवर, लोकांची फार श्रद्धा आहे. ती खिडकी बंद केल्यावर त्या कॉम्प्युटरवर इतिहास राहत नाही, एवढंच तिचं काम. ऑफिसच्या नेटवर्कवरून कुठल्या साइटला गेलात त्याचं नाव सहसा दिसतं. साइट एचटीटीपीएसवर (म्हणजे वाटेत कुलूपबंद जोडणीवर) असेल तर पानावर काय वाचलं ते दिसत नाही, पण ऑफिसने मशीनवर स्वतःचं सर्टिफिकेट बसवलं असेल तर तेही दिसू शकतं. व्हॉट्सॲपचे निरोप दोन टोकांमध्ये कुलूपबंद असतात हे खरं. पण ते ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उघडले आणि त्या मशीनवर पडद्याची नोंद घेणारं सॉफ्टवेअर असलं, तर कुलुपाचा काय उपयोग?

डिलीटचंही तसंच. तुमच्याकडून पुसलेलं पत्र समोरच्याच्या मेलबॉक्समध्ये असतंच. जीमेलमधला 'अनडू' जास्तीत जास्त 30 सेकंद चालतो. आउटलुकमधून पत्र मागे घेणं आपल्याच संस्थेत पाठवलेल्या पत्रापुरतं असतं, बाहेर गेलेलं परत येत नाही.

मग मेल उघडून द्यायला चिठ्ठी कशाला मागता?

यावर आम्ही पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत. "कंपनी माझी, मेल माझा, तुमची परवानगी कशाला?" परवानगी आमची नकोच, तुमची लेखी हवी. पूर्वी आम्हीही फोनवरच्या शब्दावर मेलबॉक्स उघडून दिलाय. एकदा मालक म्हणून ज्यांचा फोन आला ते दोन भागीदारांपैकी एक होते, आणि मेलबॉक्स निघाला दुसऱ्याचा. भांडण त्यांचं होतं, पण पुढचा महिनाभर उत्तरं आम्ही देत होतो. तेव्हापासून अधिकार असलेल्या माणसाची सही, कुणाचा मेलबॉक्स, कुठल्या तारखांचा आणि कशासाठी, हे चार ओळींत लिहून मागतो. एक दिवस जास्त लागतो, मान्य आहे.

मालकी आणि खाजगीपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कामासाठी लिहिलेली पत्रं, कोटेशनं, ड्रॉइंगं करारात वेगळं ठरलं नसेल तर पुष्कळ देशांत संस्थेचीच धरली जातात. पण त्याच मेलबॉक्समध्ये कुणाचा तपासणीचा रिपोर्ट पडलेला असतो, आणि कपाट तुमचं असलं तरी तो रिपोर्ट तुम्ही वाचायचा नसतो. रोमानियातल्या एका इंजिनिअरला मेसेंजरवरच्या खाजगी गप्पांवरून 2007 मध्ये कामावरून काढलं होतं. युरोपीय मानवाधिकार न्यायालयात 2016 मध्ये निकाल त्याच्या विरोधात गेला आणि 5 सप्टेंबर 2017 रोजी मोठ्या पीठाने तो फिरवला. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर खाजगी काम करायचं नाही असा नियम तिथे होताच. पण नजर ठेवली जाते, आणि कितपत ठेवली जाते, हे त्याला आधी सांगितलं होतं का, हे रोमानियातल्या न्यायालयांनी पाहिलंच नव्हतं. तुमच्याकडचा कायदा तुमच्या वकिलांना विचारा. आमच्या अनुभवाने सांगतो, आधी लिहून सांगितलेल्या ऑफिसांत हा वाद आमच्यापर्यंत कधी आलेला नाही. नजर ठेवायची असेल तर कामावर घेताना एका पानावर तसं लिहा आणि सही घ्या. नमुना आमच्याकडे तयार आहे, मागितलात तर मेलने पाठवू.

माणूस सोडून जातो तेव्हा

खातं लगेच डिलीट करू नका, बंद करा. गुगल वर्कस्पेसमध्ये डिलीट केलेला माणूस 20 दिवसांपर्यंत परत आणता येतो, मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये 30. त्यानंतर आम्हाला हात वर करावे लागतात. पासवर्ड बदला, त्याच्या फोनवरून खातं बाहेर काढा आणि फॉरवर्डचे, म्हणजे आलेली पत्रं आपोआप दुसऱ्या पत्त्यावर पाठवणारे, नियम बघाच. एका ऑफिसात वर्षापूर्वी गेलेल्या माणसाच्या खाजगी पत्त्यावर प्रत्येक चौकशीची प्रत जात होती. त्याने मुद्दाम केलं नव्हतं. सुट्टीवर असताना लावलेला नियम काढायचा राहिला होता.

वार्षिक देखभाल आमच्याकडे असलेल्यांसाठी ही सगळी तपासणी आम्ही वर्षातून एकदा करतो: कुठलं खातं कुणाच्या नंबरवर, डोमेन कुणाच्या नावावर, रिकव्हरी की कुठे. त्याची यादी छापून बंद पाकिटात तुमच्या हातात देतो, प्रत आमच्याकडे ठेवत नाही. ज्यांची देखभाल आमच्याकडे नाही त्यांनीही एकदा करून घ्यावी, आमच्याकडून किंवा दुसऱ्या कुणाकडून. येताना संस्थेच्या नावावरचा मोबाइल चार्ज करून आणा. ओटीपी त्याच्यावरच येणार आहेत.