सघन वराहपालनातील प्राणिकल्याणविषयक नियम

बंदिस्त वराहगृहांत मोठ्या संख्येने पाळल्या जाणाऱ्या डुकरांना जागा, उजेड, खाद्य, पाणी व हालचाल यांबाबत किमान काय मिळालेच पाहिजे, हे ठरवणारे कायदेशीर नियम. जनावराला उठता, आडवे होता, वळता, अंग स्वच्छ करता आणि पाय पसरता आले पाहिजेत, हे तत्त्व ब्रिटनमधील ब्रॅम्बेल समितीने १९६५ च्या अहवालात मांडले होते.

युरोपीय संघाचा याविषयीचा मुख्य निर्देश (सदस्यदेशांना बंधनकारक असलेला कायदा) २००८ चा आहे. त्यानुसार ८५ ते ११० किलो वजनाच्या डुकराला किमान ०.६५ चौरस मीटर मोकळी जागा आणि दिवसाला किमान आठ तास उजेड द्यावा लागतो. गाभण डुकरिणीला मागे वळताही येणार नाही अशा अरुंद पिंजऱ्यात एकटे कोंडण्यावर १ जानेवारी २०१३ पासून संघभर निर्बंध आले. मात्र याला पूर्ण बंदी म्हणणे चुकीचे ठरेल. फळल्यानंतरचे (म्हणजे नराशी संयोगानंतरचे वा कृत्रिम रेतनानंतरचे) पहिले चार आठवडे आणि विण्याआधीचा शेवटचा आठवडा त्यातून वगळला आहे. विण्याच्या वेळचा पिंजराही, आईच्या अंगाखाली पिल्ले चिरडू नयेत या कारणाने, चालू राहिला. ब्रिटनने गाभणकाळातील पिंजरे १९९९ मध्येच बंद केले होते, तर स्वीडन, नॉर्वे व स्वित्झर्लंड यांनी विण्याच्या वेळच्या पिंजऱ्यांचा सर्रास वापरही थांबवला.

अंमलबजावणीतील सर्वांत मोठी उणीव शेपट्यांबाबत दिसते. डुक्कर हा स्वभावतः नाकाने जमीन उकरणारा प्राणी आहे. फटींच्या काँक्रीट फरशीवर उकरायला काहीच नसले आणि गर्दी झाली की तो शेजाऱ्याची शेपूट चावू लागतो. त्यामुळे पेंढा, गवत, लाकूड, भुसा यांसारखे उकरता-चघळता येणारे साहित्य देणे निर्देशाने बंधनकारक केले, आणि परिस्थिती सुधारण्याचे उपाय केल्याखेरीज सरसकट शेपट्या छाटण्यास मनाई केली. तरीही बहुतेक सदस्यदेशांत पिल्लांच्या शेपट्या सर्रास छाटल्या जातात. पेंढ्याने फरशीखालच्या, पातळ मलमूत्र वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबतात, म्हणून अनेक ठिकाणी नुसती लोखंडी साखळी टांगून नियम पाळल्याचे दाखवले जाते. ती चावून तुटत नाही, उकरता येत नाही, आणि जनावराचे मन तिच्यात फार काळ रमत नाही. चावण्याचे मूळ कारण तसेच ठेवून पिल्लाचा अवयव कापणे हे कल्याण नव्हे.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २०१८ च्या सार्वमताने वेगळा मार्ग घेतला. प्रजननासाठी पाळलेल्या डुकरिणीला किमान २४ चौरस फूट जागा दिलेली नसल्यास तिच्या पिल्लांचे ताजे मांस त्या राज्यात विकता येत नाही, मग ती कोणत्याही राज्यात वाढलेली असोत. या तरतुदीला वराहपालकांच्या संघटनेने दिलेले आव्हान अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये फेटाळले.