वजन उतरतं ते नाकावाटे

आमच्या शिंपीकाकांकडे एक लाल पुठ्ठ्याची वही आहे. गेल्या वीस-बावीस वर्षांत ज्यांनी त्यांच्याकडे कपडे शिवले, त्या सगळ्यांची मापं तिच्यात आहेत. मागच्या दिवाळीत पँट शिवायला टाकली तेव्हा काकांनी जुनी पानं चाळली आणि काही न बोलता वही माझ्याकडे फिरवली. लग्नाच्या वेळी माझी कंबर होती ३१ इंच. आता ३६. "आतून कापड सोडून ठेवतो," काका म्हणाले, "पुढच्या वेळी उसवता येईल."

पुढच्या वेळी! मला राग आला, कारण वजनाच्या बाबतीत मी स्वतःला शहाणा समजत होतो. लग्नात ६४ किलो होतो, आज ६८. एवढ्या वर्षांत चार किलो म्हणजे काहीच नाही. पाच फूट आठ इंच उंचीला माझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, भरतो २२.८, म्हणजे तक्त्यात अजून 'नॉर्मल'च्या रकान्यात. मग चार किलोंत पाच इंच आले कुठून?

या प्रश्नाचं उत्तर पुण्यातच सापडलेलं आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटंसं टिपण आलं. लेखक दोघं, पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. सोबत दोघांचा शेजारी-शेजारी उभा फोटो. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. मग क्ष-किरणांच्या यंत्राने शरीरातली चरबी मोजली. युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. एकाच बीएमआयला दुपटीहून जास्त चरबी! आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून याला 'वाय-वाय विरोधाभास' म्हणतात. युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे सकाळी रुग्णालयात लिफ्टचं दार बंद होण्याआधी गाठायला धावणं, असं त्या टिपणातच मिश्कीलपणे लिहिलेलं आहे. पण फरक नुसता धावण्याचा नव्हता. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बाळांची वजनं याज्ञिकांच्या गटाने मोजली होती. ती सरासरी २.७ किलो भरली. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोंची. आपली बाळं सगळीकडून बारीक, स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. फक्त त्वचेखालच्या चरबीत ती फारशी मागे नव्हती. म्हणजे वरून काटकुळं आणि आतून चरबीदार ही आपली ठेवण जन्मापासूनची. म्हणूनच आशियाई लोकांसाठी बीएमआयची धोक्याची रेघ २५ वरून २३ वर खाली आणली आहे.

तर माझं काय झालं असणार ते उघड आहे. वीस वर्षं खुर्चीत बसून मांड्यांचे, दंडांचे स्नायू काही किलोंनी आटले आणि त्यांच्या जागी त्याहून जास्त चरबी पोटावर येऊन बसली. काट्याला वजाबाकी-बेरीज केल्यावरचा आकडा दिसतो, देवाणघेवाण दिसत नाही. ती शिंप्याच्या टेपला दिसते.

आता ही चरबी घालवायची म्हणजे नेमकं काय करायचं? जरा थांबून हा प्रश्न शब्दशः घ्या. दहा किलो चरबी 'गेली' तर ती जाते कुठे? मी चारचौघांत विचारलं. घामातून जाते, संडासवाटे जाते, वितळते, जळून तिची ऊर्जा होते, अशी उत्तरं आली. शेवटचं उत्तर बरंच शास्त्रीय वाटतं, पण तेही चूक. शरीरात वस्तुमानाची ऊर्जा होत नाही. ते अणुभट्टीचं काम. रुबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन या ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी २०१४ मध्ये याचा चोख हिशेब मांडला. चरबीच्या एका सरासरी रेणूत ५५ कार्बनचे, १०४ हायड्रोजनचे आणि ६ ऑक्सिजनचे अणू असतात. श्वासातला ऑक्सिजन त्यांना भेटतो आणि उरतं कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. दहा किलो चरबी जाळायला २९ किलो ऑक्सिजन आत घ्यावा लागतो. त्या चरबीतले ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन नाकातोंडावाटे बाहेर पडतात आणि १.६ किलोंचं पाणी होतं. म्हणजे चरबीची बाहेर जायची मोठी वाट नाकातून आहे. त्यामुळे घाम काढणारे पट्टे, पोटाला प्लास्टिक गुंडाळून चालणं वगैरे प्रकारांत फक्त पाणी जातं, आणि ते दोन पेले प्यायलं की परत येतं.

जोरजोरात श्वास सोडून मात्र काही होत नाही, चक्कर येईल फक्त. कार्बन बाहेर पडायचा तर तो आधी कामात खर्च व्हावा लागतो. आणि नाकातून जितका जातो त्याहून जास्त तोंडातून आत येत असेल तर सगळंच मुसळ केरात.

तोंडाकडे वळू. आमच्या घरी चार माणसांना महिन्याला पाच लिटरचा तेलाचा डबा लागायचा. पाच लिटर म्हणजे साधारण साडेचार किलो तेल, ग्रॅमला ९ कॅलरी. भागाकार केला तर माणशी रोज सुमारे ३४० कॅलरी होतात. थोडं तेल कढईत उरतं, थोडं फेकलं जातं हे धरूनही आकडा मोठाच राहतो. आणि हे तेल कुणाला 'दिसत' नाही. ते फोडणीत असतं, पोळीच्या पदरात असतं, पोह्यांवर वरून सोडलेलं असतं. आम्ही फोडणीला पळीऐवजी चहाचा चमचा घेतला, भजी-पुऱ्या सणापुरत्या ठेवल्या, आणि डबा तीन लिटरवर आला. चव बिघडल्याची तक्रार आठवडाभर झाली, नंतर कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

भाकरीबद्दल मात्र एक गैरसमज पक्का आहे. ज्वारीच्या पिठात आणि कणकेत कॅलरी जवळजवळ सारख्याच. भाकरीचा फायदा असा की ती तव्यावर तेलाशिवाय होते, चावायला वेळ लागतो आणि दीड भाकरीत पोट भरतं. तिच्यावर लोण्याचा गोळा ठेवला की हिशेब पुन्हा शून्यावर. उपासाचंही तेच. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्यात दाण्याचं कूट, त्यावर तूप. 'एकादशी दुप्पट खाशी' म्हणणाऱ्या आजीला कॅलरी हा शब्द माहीत नव्हता, पण गणित पाठ होतं.

माझ्या ताटात सगळ्यात मोठी चूक तेलाची नव्हती, ती प्रथिनांची होती. वरण-भात खातो म्हणजे प्रथिनं मिळतात असं आपण धरून चालतो. पण पातळ वरणाच्या वाटीत कोरडी डाळ असते जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅम, आणि तिच्यात प्रथिनं पाचेक ग्रॅम. भारतीय शिफारशीप्रमाणे ६५ किलोंच्या माणसाला रोज ५४ ग्रॅम लागतात. वजन उतरवताना ती कमी पडली तर शरीर स्नायूच मोडून खातं. नुसतं खाणं कमी करून उतरवलेल्या वजनात साधारण पाव हिस्सा चरबी नसून हा ऐवज असतो. आपल्याकडे आधीच स्नायूंचा दुष्काळ. त्यात उपाशी राहून आणखी घालवायचे म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. मोड आलेली मटकी, घट्ट वरण, ताक-दही, खाणाऱ्याला अंडी-मासळी या गोष्टी म्हणून ताटात वाढवाव्या लागतात आणि भाताचा डोंगर तेवढा खचवावा लागतो.

आता तेलाच्या त्या दोन लिटरकडे परत येतो, कारण त्यात सगळी गंमत आहे. दोन लिटर कमी झालं म्हणजे माणशी रोज १३५ कॅलरींची बचत. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. त्रैराशिक मांडलं तर वर्षाला ६.४ किलो उतरायला हवेत, पुढच्या वर्षी आणखी ६.४, आणि अशाने कधीतरी माणूस नाहीसाच व्हायला हवा. तसं होत नाही, कारण शरीर म्हणजे बँकेचं खातं नव्हे. वजन घटलं की तेवढं कमी शरीर चालवायला लागतं आणि खर्चही घटतो. अमेरिकेतले केविन हॉल या विषयातले नावाजलेले संशोधक. त्यांच्या गटाच्या ठोकताळ्याप्रमाणे रोजच्या दर २४ कॅलरींच्या कपातीमागे शेवटी एक किलो उतरतं. त्यातलं निम्मं पहिल्या वर्षात, बाकीचं पुढच्या दोनेक वर्षांत. आमच्या तेलाचा खरा हिशेब असा: पहिल्या वर्षी पावणेतीन किलो, तीन वर्षांत साडेपाच, आणि मग थांबा. एवढ्याशा कपातीला हे वाईट नाही. पण 'एका महिन्यात दहा किलो'च्या जाहिराती वाचलेल्या डोळ्यांना ते फिकट वाटतं.

त्या जाहिरातींना सुरुवातीला यश मिळतं हेही खरं, आणि त्याचं कारण साधं आहे. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो, ग्लायकोजेन नावाचा, अर्धा किलोच्या आत-बाहेर. त्याचा प्रत्येक ग्रॅम साधारण तीन ग्रॅम पाणी धरून बसतो. भात-पोळी एकदम बंद केली की आठवडाभरात साठा रिकामा, पाणी मोकळं, काटा दीड-दोन किलोंनी खाली. चरबीला अजून हातही लागलेला नसतो. लग्नातलं एक जेवण झालं की तेवढंच वजन परत. लोक म्हणतात, 'बघा, मला पाणीसुद्धा अंगी लागतं.' खरंच पाणीच लागलेलं असतं.

भुकेचा भाग त्याहून चिवट. मधुमेहाच्या एका प्रकारच्या गोळ्यांनी लघवीतून साखर वाहून जाते. रोग्याला आपल्या कॅलरी गळताहेत हे जाणवत नाही. अशा लोकांच्या वजनावरून हॉल यांच्या गटाने २०१६ मध्ये हिशेब काढला. दर किलो वजन उतरल्यावर शरीराचा खर्च रोज वीस-तीस कॅलरींनी घटतो, पण भूक मात्र जवळजवळ शंभर कॅलरींनी वाढते. पाच किलो उतरलेल्या माणसाला रोज पाचशे कॅलरींची जादा भूक लागते! चौथ्या-पाचव्या महिन्यात 'निश्चय ढळला' म्हणून जो स्वतःला बोल लावतो, त्याच्या मेंदूत हा गजर अखंड वाजत असतो. चरबीच्या पेशींतून निघणारं लेप्टिन नावाचं संप्रेरक कमी झालं की मेंदू दुष्काळ पडला असं समजतो. माझ्या मते वजनाच्या बाबतीत आपण इच्छाशक्तीला फारच जास्त मार्क देतो. घरात फरसाणाचा डबा कुठल्या फळीवर आहे, याने जास्त फरक पडतो.

व्यायामाबद्दल मी अजून बोललो नाही ते मुद्दाम. सत्तर किलोंचा माणूस ताशी पाच किलोमीटरने तासभर चालला तर सुमारे २४० कॅलरी खर्च होतात. त्यातल्या सत्तरेक तो नुसता बसून राहिला असता तरी झाल्याच असत्या. नफा १७०. एका वडापावात ३०० च्या आसपास. म्हणजे एक वडापाव उतरवायला पावणेदोन तास. रविवारी सकाळी टेकडी चढून आलेली मंडळी खाली उतरल्यावर मिसळीच्या टेबलाभोवती बसतात, तो सोहळा मला प्रिय आहे, पण त्यात वजन उतरत नाही. टांझानियातले हाड्झा लोक शिकार आणि कंदमुळांवर जगतात. पुरुष रोज अकरा किलोमीटरच्या आसपास चालतात. हर्मन पाँट्झर या अमेरिकी संशोधकाने २०१२ मध्ये त्यांचा रोजचा ऊर्जाखर्च मोजला, तर शरीराचं आकारमान जमेस धरल्यावर तो पाश्चात्त्य शहरी माणसाइतकाच निघाला. जास्त हललं की शरीर इतर कामांत काटकसर करतं, असं पाँट्झर यांचं म्हणणं आहे.

मग व्यायाम कशाला? कारण काट्यावर न दिसणारं काम तोच करतो. पोटाच्या आत, आतड्यांभोवती बसलेली चरबी सर्वांत त्रासदायक. तिच्यातून सुटलेली मेदाम्लं थेट यकृताकडे जातात. नियमित व्यायामाने ही चरबी वजन तेवढंच असतानाही कमी होते. शिवाय चालता-पळताना स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतात. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाललं तर रक्तातल्या साखरेची उसळी कमी होते, हे आता मोजून दाखवलेलं आहे. आपण त्याला शतपावली म्हणतो. आणि शंभर पावलं म्हणजे मिनिटभरच. नावापेक्षा थोडं जास्त चालायला लागतं.

चालण्याने स्नायू मात्र फारसे वाढत नाहीत. त्यांना ओझं लागतं. मी आठवड्यातून तीनदा बैठका आणि जोर काढतो. पहिल्या दिवशी सलग अकरा बैठका झाल्या आणि दुसऱ्या दिवशी जिना उलटा उतरावा लागला. आता चाळीस होतात. आठ महिन्यांत वजन ६८ वरून ६६.५ वर आलंय, म्हणजे सांगण्यासारखं काही नाही.

कंबर मोजायची रीत अशी. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप धरायचा, आवळायचा नाही, पोट आत ओढायचं नाही. नेहमीसारखा श्वास सोडायचा आणि मगच आकडा बघायचा. आपल्याकडच्या पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० ही मर्यादा. ३६ इंच म्हणजे ९१.४. परवा काकांच्या दुकानात पुन्हा टेप लावला, तर साडेचौतीस. काकांनी वहीत आकडा लिहिला, चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "दिवाळीची पँट घेऊन या, आत घेतो. पण कापड कापत नाही हं."