मंगळवासी मेले कशाने?

एच. जी. वेल्स यांची ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ ही कादंबरी १८९७ साली ‘पिअर्सन्स मॅगझिन’मध्ये क्रमशः छापून आली आणि पुढच्याच वर्षी तिचं पुस्तक निघालं. लंडनजवळच्या वोकिंग गावाबाहेर, एका माळावर मंगळावरून आलेलं नळकांडं आदळतं. त्यातून निघालेले मंगळवासी तीन पायांच्या अवाढव्य यंत्रांत बसून गावंच्या गावं जाळत सुटतात. तोफखाना निकामी ठरतो, लंडन ओस पडतं. आणि अचानक एके दिवशी सगळे मंगळवासी मेलेले सापडतात. त्यांना मारलेलं असतं पृथ्वीवरच्या जिवाणूंनी.

हा शेवट पुष्कळ वाचकांना पळवाट वाटतो. मला मात्र तो कादंबरीतला सर्वांत भक्कम वैज्ञानिक भाग वाटतो. वेल्स हे थॉमस हक्सली यांचे विद्यार्थी. डार्विनच्या सिद्धान्ताची बाजू जाहीर सभांत लढवणाऱ्या या माणसाकडे ते लंडनमध्ये जीवशास्त्र शिकले. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जिवाणू शोधला तो १८८२ साली, म्हणजे रोग जंतूंमुळे होतात हे ज्ञानही तेव्हा ताजंच होतं. वेल्स यांनी या दोन्ही गोष्टी एकत्र गुंफल्या. त्यांचा निवेदक सांगतो की मंगळावर जिवाणू नाहीतच. ते तिथे कधी उपजले नसतील किंवा मंगळवासीयांनी फार पूर्वीच संपवले असतील. त्यामुळे रोगाशी झुंजायची ताकद त्यांच्या शरीरात नाही. माणसात ती आहे, कारण जे तगले त्यांचेच आपण वंशज आहोत आणि न तगलेल्यांची गणतीच नाही. नैसर्गिक निवडीची किंमत इतक्या थेटपणे मांडणारी दुसरी कादंबरी मला ठाऊक नाही.

आजचा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ यावर रास्त शंका घेईल. रोगजंतू यजमानाच्या, म्हणजे ज्याच्या शरीरात शिरायचं त्या जिवाच्या, बाबतीत चोखंदळ असतात. विषाणूला तर पेशीवर नेमकं आपल्याला जुळणारं कुलूप हवं असतं, आणि परग्रहावरच्या पेशीवर ते कुठून असणार? पण वेल्स फक्त रोगजंतूंवर विसंबलेले नाहीत. मृत्यूच्या कारणांत ते कुजवणाऱ्या जिवाणूंचंही नाव घेतात, आणि कुजवणारे जिवाणू चोखंदळ नसतात. ओल आणि पचवता येण्याजोगे सेंद्रिय पदार्थ मिळाले की त्यांचं भागतं. शिवाय कादंबरीतल्या मंगळवासीयांना पचनसंस्थाच नाही. ते जिवंत माणसांचं रक्त सरळ आपल्या नसांत भरून घेतात. संसर्गाला याहून सोपी वाट कोणती? हा किळसवाणा तपशील केवळ भीती घालायला आलेला नाही, शेवटाची तयारी तिथेच झालेली आहे.

पुढे माध्यमं बदलली तसा कथेचा बाकीचा सांगाडा बदलत गेला. ३० ऑक्टोबर १९३८ रोजी ऑर्सन वेल्स (हे कादंबरीकाराचे कोणी नव्हेत) यांनी अमेरिकेत सीबीएस रेडिओवर हल्ल्याच्या खोट्या बातमीपत्रांच्या रूपात ती सादर केली. अख्खा देश घाबरून रस्त्यावर आला ही वर्तमानपत्रांनी रंगवलेली गोष्ट होती. प्रत्यक्षातली घबराट पुष्कळ कमी होती, असं पुढच्या अभ्यासकांनी दाखवलं आहे. खरा अनर्थ झाला तो १९४९मध्ये इक्वेडोरच्या कीटो शहरात. तिथे असाच कार्यक्रम ऐकून आधी घाबरलेल्या आणि मग फसवणूक कळल्यावर संतापलेल्या जमावाने रेडिओ केंद्राची इमारत पेटवली. त्यात माणसं मेली.

१९५३च्या चित्रपटात शत्रूची यंत्रं तीन पायांवर चालत नाहीत, हवेत तरंगतात, आणि त्यांच्यावर अणुबॉम्बही टाकला जातो. तो निष्प्रभ ठरतो. १९६५ साली मरिनर ४ यानाने मंगळाची जवळून छायाचित्रं पाठवली. मंगळवासीयांनी खोदले असावेत असं काही जण मानत ते कालवे त्यांत नव्हते, होती ती उल्काघातांची विवरं. मंगळावर प्रगत संस्कृती असेल ही आशा तिथेच मावळली. म्हणूनच स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या २००५च्या चित्रपटात आक्रमक मंगळावरचे नाहीत, त्यांची यंत्रं फार पूर्वीपासून जमिनीखाली पुरलेली आहेत. या दोन्ही चित्रपटांत देश बदलला, काळ बदलला, शस्त्रं बदलली. जिवाणूंना मात्र कोणी हात लावला नाही.

याच कादंबरीने रॉबर्ट गॉडर्ड या अमेरिकी मुलाच्या डोक्यात अंतराळप्रवास भरवला. द्रव इंधनावर चालणारं पहिलं रॉकेट १९२६ साली उडालं ते त्यांचंच. रॉकेटांमुळे आपण मंगळापर्यंत पोहोचलो, आणि मग संसर्गाचा प्रश्न उलट्या बाजूने समोर आला. १९६७च्या अंतराळ कराराने इतर खगोलांचं घातक प्रदूषण टाळण्याचं बंधन देशांवर घातलं. पृथ्वीबाहेरून आलेल्या पदार्थांनी इथे अपाय होऊ नये, हेही त्यात आहे. चंद्रावरून परतलेल्या अपोलो ११च्या अंतराळवीरांना विलगीकरणात ठेवलं गेलं. १९७६ साली मंगळावर उतरलेली दोन्ही व्हायकिंग यानं उड्डाणाआधी ११० अंश सेल्सिअसहून जास्त तापमानात कित्येक तास भाजून काढली होती.

इतकं करूनही जिवाणू हटत नाहीत. फ्लोरिडातल्या आणि फ्रेंच गयानातल्या यानजोडणीच्या क्लीनरूममध्ये, जिथे धुळीचा कणही टिकू नये अशी व्यवस्था असते, एक नवाच जिवाणू सापडला. फीनिक्स या मंगळयानाच्या नावावरून २०१३ साली त्याचं नाव टर्सिकॉकस फीनिसिस ठेवण्यात आलं. अन्नाचा जवळपास पत्ता नसलेल्या त्या खोल्यांत तो जिवंत होता.