बेंबीजवळचा ठोका आणि ओटीपोटातली कळ

नवरात्राच्या आधी भाचीचा फोन आला. "मावशी, पाळी येऊन तेरा दिवस झाले आणि आज सकाळपासून ओटीपोटात उजवीकडे कळा येताहेत. शेजारच्या बा म्हणतात पेचोटी खसलीय, म्हणजे बेंबी सरकलीय, संध्याकाळी बसवून देते."

बडोद्यात वाढलेल्या कुणाला पेचोटी समजावून सांगावी लागत नाही. आमच्या दांडिया बाजारातल्या मराठी घरांतही हाच शब्द चालतो. उताणं निजवायचं, बेंबीवर बोटं दाबून ठोका शोधायचा आणि तो बाजूला लागला की पायाचे अंगठे ओढायचे, नाहीतर पोटावर दिवा ठेवून वर लोटा उपडा घालायचा.

तो ठोका महाधमनीचा असतो. हृदयातून निघालेली ही सर्वांत मोठी रक्तवाहिनी कण्याला लागून उतरते आणि साधारण बेंबीच्या पातळीवर तिचे दोन फाटे होतात. ती बरोबर मधोमध नसतेच, किंचित डावीकडे असते. सडपातळ माणसाला उपाशीपोटी निजवून चाचपलं, तर ठोका 'सरकलेला'च लागणार. काही दुखत नसतानाही.

मग इतक्या पिढ्यांनी बेंबीचंच नाव का घेतलं? या प्रश्नाचं उत्तर मला फार आवडतं.

हाताला मुंगी चावली तर डोळे मिटून नेमकं तिथे बोट ठेवता येतं. आतल्या अवयवांचं तसं नाही. मज्जारज्जूकडे संवेदना आणणाऱ्या तंतूंपैकी आतल्या अवयवांचे तंतू एक दशांशसुद्धा नसतात. जे असतात त्यांतले बरेचसे मज्जारज्जूत शिरल्यावर त्वचेकडून आलेल्या तंतूंच्याच मज्जापेशींवर येऊन थांबतात. जुन्या वाड्यात चार बिऱ्हाडांना मिळून दिंडीदरवाजाशी एकच घंटा असावी, तसं. घंटा वाजली हे कळतं, पाहुणा कुणाकडे आलाय ते कळत नाही. मेंदू त्वचेचं नाव घेतो, कारण जन्मभर बहुतेक निरोप तिकडूनच आलेले असतात. कुठल्या अवयवाचं दुखणं त्वचेच्या कुठल्या पट्ट्यावर उमटतं, याचे नकाशे लंडनच्या हेन्री हेड यांनी १८९३ साली प्रसिद्ध केले.

बेंबीचा पट्टा छातीच्या भागातल्या १०व्या मज्जातंतूकडे आहे. अपेंडिक्सची तार, म्हणजे त्याचे मज्जातंतूही तिथेच पोचतात. म्हणून ते सुजलं की आधी बेंबीभोवती दुखतं आणि काही तासांनी दुखणं उजवीकडे खाली उतरतं. त्या पहिल्या काही तासांत पोट चोळून घेण्यात वेळ घालवला, तर तो जिवावर बेतू शकतो.

अंडाशयाची तारही याच पातळीला येते. अवयव ओटीपोटात आणि तार इतक्या वर, हे कसं? गर्भात अंडाशय पाठीच्या भिंतीशी, मूत्रपिंडांच्या जवळ घडतात. मग ते खाली उतरतात आणि येताना आपली रक्तवाहिनी आणि मज्जातंतू सोबत घेऊन येतात. बिऱ्हाड हललं, तार जुनीच राहिली. गर्भाशयमुख, मूत्राशय आणि गुदाशय यांची घंटा मात्र निराळी: माकडहाडाच्या वर, त्रिकास्थीच्या २ऱ्या ते ४थ्या मज्जातंतूंची. म्हणूनच लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, आतड्याचा मुरडा, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा पेटका ही सगळी दुखणी बाईला एकाच जागी 'खाली दुखतंय' अशी जाणवतात. गरब्याच्या नऊ रात्री पाणी कमी पिऊन तासन्‌तास लघवी दाबून धरणाऱ्या मुलींनी यातलं पहिलं दुखणं ध्यानात ठेवावं.

या घंटेची बारीक रचनाही पाहण्यासारखी आहे. निरोप आणणारा तंतू ग्लुटामेट नावाचं रसायन सोडतो. पुढच्या पेशीवर ते झेलणारे एनएमडीए नावाचे ग्राही असतात आणि त्यांच्या तोंडाशी मॅग्नेशियमचा आयन बुचासारखा बसलेला असतो. निरोप एकामागून एक येत राहिले की पेशीचा विद्युतभार बदलतो, बूच निघतं, कॅल्शियम आत शिरतं आणि पेशी हळवी होते. मग साध्या निरोपालाही ती कळ म्हणून पुढे धाडते. एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बाहेर रुजते आणि वर्षानुवर्षं ठणकते. अशा बाईचं मूत्राशय निरोगी असलं तरी ते भरलं की कळ येऊ शकते. या आजाराचे वरवरचे डाग सोनोग्राफीत बहुधा दिसत नाहीत. 'रिपोर्ट नॉर्मल आहे, मनाचं आहे' असं ज्या मुलींना सांगितलं जातं, त्यांच्यासाठी माझा जीव तुटतो. ते दुखणं मज्जारज्जूत खरोखर घडत असतं.

भाचीला मी संध्याकाळची वाट पाहू दिली नाही. उजवीकडचं दुखणं, म्हणून डॉक्टरांनी आधी अपेंडिक्सच्या शंकेनं पोट तपासलं, मग लघवी, मग सोनोग्राफी. निघालं ते साधं: अंड सुटण्याची कळ. सुमारे दोन सेंटिमीटरपर्यंत वाढलेली पुटिका, म्हणजे अंडाशयातली अंड्याची पिशवी, फुटते आणि तिच्यातला द्रव व थोडंसं रक्त पोटाच्या आतल्या आवरणाला झोंबतं. त्या आवरणाच्या बाहेरच्या पदराला त्वचेसारखेच नेमके मज्जातंतू असतात, म्हणून ही कळ एका बाजूला बोट दाखवण्याइतकी स्पष्ट. ती काही मिनिटांत जाते किंवा दोन दिवस रेंगाळते. बाजू दर महिन्याला आलटून पालटून येतेच असंही नाही.

कळ एकाएकी आणि असह्य, सोबत उलट्या, तर अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो. ताप आणि दुर्गंधीयुक्त स्राव असेल तर आतला संसर्ग. आणि पाळी चुकलेली, ओटीपोटात दुखतंय, चक्कर येतेय, वर खांद्याच्या टोकाशी ठणका लागलाय, तर त्याच मिनिटाला इस्पितळ गाठायचं. गर्भ नळीत रुजून नळी फुटली की रक्त पोटात साचतं आणि श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला टेकतं. श्वासपटलाची तार मानेतून येते, खांद्याच्या त्वचेच्या तारेशेजारून. म्हणून रक्तस्राव ओटीपोटात आणि दुखतो खांदा.

भाचीनं त्या दिवसावर कॅलेंडरात खूण केली. त्यानंतर पंधराव्या दिवशी पाळी आली, तेव्हा तिनं मला त्या पानाचा फोटो पाठवला.